डोक्याशी कोण होतं

नाशिकच्या एका नर्सिंग शाळेत छाया मौले नावाच्या मॅडम प्रॅक्टिकल शिकवायच्या. अंगानं बारीक, आवाजानं मोठ्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलगी पेशंटला न उठवता त्याच्या अंगाखालची चादर बदलू शकते आणि एक वेळ स्वतःचं जेवण विसरेल, पण खाटेचा कठडा लावायला विसरणार नाही, असं दवाखान्यांतले लोक सांगायचे. मुली पाठीमागं त्यांना 'कठडेबाई' म्हणायच्या. मुलींना नावं ठेवायला वेळ लागत नाही, आणि हे नाव बाईंच्या कानावरही गेलेलं होतं. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत.

आपण त्यांना छायाच म्हणू. कारण ही गोष्ट जिथून सुरू होते, तिथं ती मौले नव्हती आणि मॅडमही नव्हती. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या लहानू पुंडांची ती धाकटी पोरगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

ते पुढं येईल. आधी मॅडम झालेल्या छायाचा वर्ग. प्रॅक्टिकलच्या खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या आणि नाकाचा रंग उडालेली एक रबरी बाहुली होती. पण छाया बाहुलीवर फारसं काही शिकवायची नाही. "बाहुलीला दुखत नाही, म्हणून तुम्हाला भीती वाटत नाही," म्हणायची आणि एका मुलीलाच पेशंट करून खाटेवर निजवायची. मग तिघींनी मिळून तिला उचलायचं. तिघींनी खाटेच्या एकाच बाजूला उभं राहायचं. एकीचे हात पेशंटच्या मानेखांद्याखाली, दुसरीचे कमरेखाली, तिसरीचे पायांखाली. डोक्याशी असेल तिनं मोजायचं, एक, दोन, तीन, आणि तीनला तिघींनी एकदम उचलायचं. पेशंटला पुन्हा खाटेवर ठेवलं की कमरेशी आणि पायांशी असलेल्या दोघी मोकळ्या झाल्या. डोक्याशी असलेली मात्र लगेच मोकळी होत नाही. तिनं कठडा वर ओढायचा, तो खट् करून बसला की मगच हात काढायचा. मोजेल तीच कठडा लावेल. हा नियम छायानं काढलेला नव्हता, तिला तो तिच्या शिक्षिकांनी शिकवलेला होता. छायानं तो फक्त डोक्यात पक्का बसवून घेतला होता.

आता मुलींच्या लक्षात आलेली एक चमत्कारिक गोष्ट. मुली उचलायला वाकल्या आणि डोक्याशी उभ्या असलेल्या मुलीनं मोजायला तोंड उघडलं की मॅडम डोळे मिटून घ्यायच्या. तीन म्हटल्यावर त्यांचा श्वास थांबायचा. कठडा खट् वाजला की मगच सुटायचा. एखाद्या मुलीला उशीर झाला तर मॅडमचा चेहरा असा उतरायचा की त्या मुलीलाच वाटायचं, आपल्या हातून काहीतरी भयंकर झालं. वर्गात कुजबुज होती की मॅडमच्या अंगात येतं. कुणी म्हणायचं, या खोलीतच काहीतरी आहे. तरण्या पोरींना भुताची गोष्ट अभ्यासापेक्षा केव्हाही गोड.

खोलीत काही नव्हतं. जे होतं ते छायाच्या कानात होतं.

तिला एक आवाज ऐकू यायचा. एक, दोन, तीन. बाईचा, तरुण, स्पष्ट आवाज. कधी भाजी चिरताना, कधी बसमध्ये, कधी ऐन बाजारात आईच्या फुलांच्या पाट्या उतरवताना. आवाज तीनपर्यंत यायचा आणि मग ती त्या खट्‌ची वाट बघत राहायची. ते कधीच वाजायचं नाही. कठडा न लावलेली एक खाट तिच्या डोक्यात वर्षानुवर्षं तशीच होती. आणि वॉर्डातून चालताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसायचं की दोन खाटांच्या मधे, फरशीवर, कुणी म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे. वळून पाहिलं तर कधी ती कुणा पेशंटची नातेवाईक असायची, कधी घडी केलेली घोंगडी असायची. आणि कधी तिथं काहीच नसायचं.

त्या म्हातारीचं नाव तिला माहीत होतं. कुसाबाई.

कुसाबाई निफाडकडच्या. जन्म द्राक्षाच्या बागांत मजुरी करण्यात गेलेला. खुब्याचं हाड मोडलं म्हणून मुलगा भिमाजी त्यांना नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्यात घेऊन आला होता. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. ऑपरेशन नीट झालं, जखम भरत आली, पण म्हातारीचं एकच गाऱ्हाणं होतं. जन्मभर भुईवर निजलेली बाई, तिला खाटेची भीती वाटायची. "पोरी, मला खाली निजव गं," ती येता-जाता प्रत्येकीला म्हणायची. "एवढ्या उंचावर मला डोळा नाय लागत. पडन मी." आणि पडायच्या भीतीनंच ती हळूहळू काठाकडे सरकत राहायची, भुईवर उतरायला. कठडा नसता तर कधीच उतरली असती. म्हणून तिच्या खाटेचा कठडा ही वॉर्डातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट होती आणि इन्चार्ज सिस्टर रोज सकाळी त्याच्यावरून मुलींची डोकी खायच्या.

त्या वॉर्डात छाया, उज्वला आणि मंजुषा अशी तिघींची टोळी होती. तिघींना काम बरोबरच मिळायचं, डबा बरोबरच उघडायचा, बोलणी बरोबरच खायच्या. उज्वला सिन्नरकडची, घोगऱ्या आवाजाची, हसली की अख्ख्या वॉर्डाला कळायचं. कुसाबाईंना ती 'आजी' न म्हणता 'काय गं कुसे' म्हणायची आणि म्हातारी त्याच्यावर लटकी चिडायची. छायाला तेव्हा वाटायचं, आपल्याला हिच्यासारखं पेशंटशी बोलता यायला हवं. मंजुषा मुखदुर्बळ होती. कामाला वाघ, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं.

त्या दिवशी सकाळी कुसाबाईंना उचलून शेजारच्या खाटेवर ठेवलं, बिछाना बदलला, पुन्हा उचलून आपल्या खाटेवर ठेवलं. एक, दोन, तीन. ठेवलं आणि नेमके त्याच वेळी मोठे डॉक्टर राउंडला आले. राउंड आला की शिकाऊ मुलींनी हातातलं टाकून टेबलाशी रांगेत उभं राहायचं, अशी तिथली पद्धत. मुली पळाल्या. टेबलापाशी पोचता पोचता इन्चार्ज सिस्टरनी दबक्या आवाजात विचारलं, "कठडे लावले ना गं?" आणि सगळ्या मुली एका सुरात म्हणाल्या, "हो सिस्टर." शिकाऊ मुलींच्या तोंडात 'हो सिस्टर' असं बसलेलं असतं की प्रश्न पुरा व्हायच्या आत ते बाहेर पडतं. त्यात खोटं बोलायचा कुणाचा हेतू नसतो. दुसरी म्हणतेय म्हणजे लावलाच असेल, असं प्रत्येकीला वाटत असतं.

राउंड दुसऱ्या टोकाला असताना मागं धप्प आवाज झाला.

कुसाबाई भुईवर पडल्या होत्या. डोकं फरशीवर आपटलं होतं. रक्त फार नव्हतं, पण डोळे वर गेले होते. त्या पुन्हा बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी गेल्या.

मग मेट्रनच्या खोलीत चौकशी झाली. टेबलापुढे तिघी उभ्या. दारापाशी भिमाजी, आईच्या लुगड्याचं गाठोडं काखेत धरून. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. मेट्रन करड्या होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"डोक्याशी कोण होतं?"

अळीमिळी गुपचिळी. छाया स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. मंजुषा भिंतीकडे. मेट्रननी पुन्हा विचारलं. दारातून भिमाजीचा श्वास ऐकू येत होता. छायाला वाटत होतं की आता आपलं तोंड उघडेल, आपल्याला काहीतरी बोलायचंय, पण तोंड उघडलं नाही.

"मी," उज्वला म्हणाली.

मग उज्वलानं मान वळवून आधी छायाकडे पाहिलं, मग मंजुषाकडे. ती नजर छायाच्या लक्षात राहिली. तेव्हा तिला वाटलं, उज्वला आपल्याकडे मदत मागतेय. तिनं मान खाली घातली. मेट्रन म्हणाल्या, "बाकीच्या दोघी जा." आणि दोघी गेल्या. बाहेर आल्यावर छायाला सुटल्यासारखं वाटलं. असं वाटणं वाईट आहे हे तिला त्याच क्षणी कळलं, पण वाटलं ते वाटलं.

उज्वलाला घरी पाठवलं. तिची पेटी न्यायला तिचा भाऊ आला होता. छाया तेव्हा ड्युटीवर होती, म्हणजे तिनं ड्युटी मागून घेतली होती. मंजुषानं त्या प्रकाराबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, छायाच्या नजरेला नजरही दिली नाही, आणि पास झाल्याबरोबर ती आखातात नोकरीला गेली ती तिकडचीच झाली.

माणसाचं मन मोठं चलाख असतं. उज्वलानं कबूल केलं, म्हणजे डोक्याशी उज्वला होती. हे इतकं सरळ होतं की छायाला आठवायलाही तसंच लागलं. वाकलेली उज्वला, तिच्या दंडावरची देवीची खूण, तिचं मोजणं. छाया स्वतःला कमरेशी उभी असलेली बघायची. सगळं चित्र पुरं होतं. फक्त कानातला आवाज त्या चित्राला मिळत नव्हता. उज्वलाचा आवाज घोगरा होता, आणि हा आवाज घोगरा नव्हता. छाया त्याच्यावर विचार करायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढं तिनं नोकरी केली, मग पुढचा अभ्यास केला, शिकवायला लागली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम करणाऱ्या रविराज मौल्यांशी लग्न झालं, कॉलनीत संसार थाटला. रविराज शांत माणूस. बायको पोळ्या लाटता लाटता थांबते, दोन्ही तळहात उताणे पुढं धरून उभी राहते आणि कशाची तरी वाट बघते, हे त्यानं पाहिलं होतं. एकदा विचारलं, तर ती म्हणाली, हाताला रग लागते. त्यानं मलम आणून दिलं.

तिची आई साळूबाई मात्र मलमावर भागवणारी नव्हती. तिनं लेकीची दृष्ट काढली, लिंबू उतरवलं आणि लेक तरीही वाळतच चालली हे पाहून एक दिवस मळ्यात शेवंती खुडता खुडता तिला धरलं.

"कोण दिसतं तुला?"

"एक म्हातारी. आमच्या एका मुलीच्या चुकीनं गेली होती."

"त्या पोरीच्या चुकीनं गेली, मंग तुह्या मागं का लागली?" साळूबाई म्हणाली. "मेलेलं माणूस पत्ता चुकत नसतं, बाई."

छाया आईवर चिडली. शिकलेल्या बाईनं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, वगैरे बोलली. साळूबाई फुलं खुडत राहिली. पण ते वाक्य छायाबरोबर एकलहऱ्याला आलं आणि घरातच राहायला लागलं.

अशी वर्षं गेली. दोन हजार साल येऊन गेलं, मुलींच्या हातात मोबाइल दिसायला लागले, वॉर्डात नव्या खाटा आल्या. आणि मग एका सकाळी प्रॅक्टिकलच्या खोलीत ते घडलं.

तिघी मुलींनी चौथीला उचललं, ठेवलं, आणि त्याच वेळी कुणाची तरी बांगडी फुटली म्हणून हशा पिकला. कठडा राहिला. खट् वाजलं नाही. छायानं डोळे उघडले. तिच्या तोंडून मेट्रनचेच शब्द बाहेर पडले, "डोक्याशी कोण होतं?"

तिघींचं हसू कुठल्या कुठं गेलं. मग खिडकीपाशी चादर हातात घेऊन उभी असलेली कावेरी नावाची मुलगी म्हणाली, "मी, मॅडम."

छाया तिच्याकडे बघतच राहिली. कावेरी उचलण्यात नव्हतीच. ती सगळा वेळ खिडकीपाशी होती, आणि डोळे मिटायच्या आधी छायानं तिला तिथं पाहिलं होतं.

"तू तर तिकडं होतीस."

"हो मॅडम."

"मग मी का म्हणालीस?"

कावेरीनं जरा विचार केला. "कुणीच बोलत नव्हतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघवत नव्हतं, मॅडम. एकीनं म्हटलं की बाकीच्या म्हणतील, असं वाटलं."

छायानं तास तिथंच संपवला. मुलींना वाटलं, मॅडम रागावल्या. ती बाकावर बसून राहिली. जी डोक्याशी नव्हती तीसुद्धा 'मी' म्हणू शकते, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत एकदाही तिच्या मनात आलेली नव्हती. आणि ती मनात आल्याबरोबर ते पुरं चित्र एकदम डळमळायला लागलं. उज्वला डोक्याशी नसेल, तर कोण होतं?

ती रविवारी सिन्नरच्या जीपमध्ये बसली. उज्वलाचं गाव तिला माहीत होतं. तिथं भावाकडून कळलं की ती सिन्नरलाच दिलेली आहे, एमआयडीसीत खोक्यांच्या कारखान्यात जाते. पत्ता देताना भाऊ म्हणाला, "दवाखान्यातून आल्यात म्हणून सांगू नका. तिच्या घरी चालत नाही."

उज्वलानं दार उघडलं आणि लगेच ओळखलं. जाड झाली होती, केस पुढून पांढरे झाले होते, आवाज तोच. "ये," एवढंच म्हणाली. नवरा बाहेर गेला होता. तिनं चहा टाकला आणि मोरीपाशी बसून कोथिंबीर निवडायला घेतली. ती हसेल अशी छायानं वाट पाहिली, पण ती हसली नाही.

छायानं आडवळणं घेतली नाहीत. "उज्वला, त्या दिवशी डोक्याशी तू होतीस का?"

"मी वॉर्डातच नव्हते," उज्वला म्हणाली. "चादर कमी पडली म्हणून आणायला गेले होते. माझ्या जागी पायांशी झाडलोटीच्या लताबाई मावशी उभ्या राहिल्या. मावशांना चौकशीत कोण बोलावतंय?" तिनं कोथिंबिरीची जुडी झटकली. "मी दारात आले तेव्हा तुमचं उचलणं चाललं होतं. कमरेशी मंजुषा. मोजत तू होतीस."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. छाया तो आवाज ऐकत बसली. तिला नवल वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. कानातला आवाज कुणाचा, हे तिला त्या मोटारसायकलच्या खरखरीत अगदी स्वच्छ कळलं. तो तिचाच होता. तिनं मोजलं होतं, खाली ठेवलं होतं, राउंड आला म्हणून हात काढून पळाली होती आणि सगळ्यांबरोबर 'हो सिस्टर' म्हणाली होती.

"मग तू का म्हणालीस?" तिनं विचारलं.

उज्वला बराच वेळ काड्या बाजूला काढत राहिली. "मला वाटलं, मी म्हटलं की तू म्हणशील. मग मंजुषा म्हणेल. तिघींनी म्हटलं तर काय करणार होते? तिघींना काढलं नसतं. थोडी थोडी शिक्षा झाली असती. आपण सगळं तिघी मिळूनच उचलायचो ना गं?" मग ती पहिल्यांदा छायाकडे सरळ बघून म्हणाली, "मी वळून पाहिलं होतं तुझ्याकडे. तू खाली बघत होतीस."

छाया रडली. उज्वलानं तिला रडू दिलं, पण हात लावला नाही. चहा उतू गेला तो पुसला. मग सपाट आवाजात सांगत गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. हिच्या हातून माणूस मेलं, हे तिच्या आधी गावात पोचलं होतं. जे पहिलं स्थळ हो म्हणालं तिथं देऊन टाकली. जावेच्या बाळंतपणात सासूनं तिला बाळाला हात लावू दिला नाही. स्वतःची दोन झाली तेव्हा सासू म्हणायची, जपून धर, तुझा हात वाईट आहे. "मला पण तसंच वाटायला लागलं होतं मधे," उज्वला म्हणाली. "लेकराला उचलायचे तर हात कापायचे. मीच केलं असणार, असं वाटायचं. रोज ऐकलं की वाटतं."

"मी सगळीकडे सांगते," छाया म्हणाली. "शाळेत जाते. त्या मेट्रन कुठं असतील तिथं जाते. तुझ्या सासरी सांगते."

"मेट्रन वारल्या. सासरी काही सांगू नको, इथं आता तो विषय कुणी काढत नाही." उज्वलानं कोथिंबीर पाण्यात बुडवली. "तुला सांगायचंच असेल तर त्याला सांग. म्हातारीच्या मुलाला. त्या दिवशी तो दारात उभा होता, त्याला दुसरं काही नको होतं, कुणी केलं एवढंच पाहिजे होतं. त्याला मी खोटं सांगितलं. ते मला डाचतं."

निघताना छायानं तिचा हात धरायला हात पुढं केला. उज्वलाचे हात ओले होते. ती म्हणाली, "जा, जीप निघून जाईल."

निफाडच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून छाया पुढच्या रविवारी विचारत विचारत गेली. कुसाबाई ज्या बागांत मजुरी करायच्या त्याच शिवारात भिमाजीनं आता स्वतःची थोडी द्राक्षबाग केली होती. छाटणी नुकतीच झालेली, मांडवाखाली काड्या पडलेल्या. रस्ताभर तिला वाटत होतं की आपल्या मागून कुणीतरी येतंय, अनवाणी, हळू. तिनं वळून पाहिलं नाही. यायचं असेल तर येऊ दे, तिच्याच घरी चाललोय, असं ती मनात म्हणाली.

भिमाजी ओट्यावर बसला होता. पन्नाशीपुढचा, टोपीखालचे केस पिकलेले. नाशिकहून कुणी बाई आलीय म्हणताना त्यानं सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि विचारलं, "बँकेतनं येऊ राह्यल्या का?"

"नाही," छाया म्हणाली. "तुमच्या आई दवाखान्यात होत्या तेव्हा मी तिथं शिकत होते."

त्याचा चेहरा बंद झाला. सून पाणी ठेवून आत गेली.

छायानं उभ्या उभ्याच सांगितलं. बसायचं तिला सुचलं नाही. तिघींनी उचलायची पद्धत, डोक्याशी असते तिनंच कठडा लावायचा, राउंड आला आणि ती कशी पळाली. तिनं कशालाही फाटे फोडले नाहीत. राउंडमुळे झालं असं म्हणाली नाही, लहान होते असं म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "डोक्याशी मी होते. जिनं 'मी' म्हटलं ती नव्हती. उचलताना ती तर वॉर्डातही नव्हती."

भिमाजी मांडवाकडे बघत राहिला. छायाला वाटलं, आता हा ओरडेल, अंगावर येईल, आणि आलेला बरा.

"उज्वला," तो म्हणाला. "नाव ध्यानात हाय माह्या. त्या मोठ्या बाईनं घेतलं होतं तिचं नाव." त्यानं आत बोट केलं. दारातून भिंतीवरचा कुसाबाईंचा फोटो दिसत होता, त्याला ताजं फूल होतं. "सकाळी आईला फूल घालतो, हात जोडतो, आन् त्या पोरीचं नाव घेतो. म्हणतो, तिचं वाटोळं होऊ दे. तिच्या हाताला येश देऊ नको. तिला लेकरू मांडीवर घ्यायचं सुख देऊ नको. येक दिवस चुकला नाय." तो थांबला. "लय वरसं झाली, बाई."

"हो," छाया म्हणाली.

"काय झालं तिचं?"

छायानं सांगितलं. लग्नाचं, सासूचं, हात कापायचे त्याचं. भिमाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. आत सून भांडी घासायची थांबली होती.

"मंग हे मी केलं," तो म्हणाला.

"नाही. मी केलं."

भिमाजी उठला, आत गेला, फोटोसमोर उभा राहिला. छायाला त्याची पाठ दिसत होती. तिला कानात काही ऐकू येतंय का, हे ती बघत होती. काहीच येत नव्हतं. बाहेर मांडवात वारा होता आणि कुठंतरी फवारणीचं मशीन चालू होतं. भिमाजी परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण आवाज शांत होता.

"तिचं नाव आता घेता नाय यायचं," तो म्हणाला. "तुमचं नाव काय?"

तो का विचारतोय हे छायाला समजलं. ओट्यावरून उतरून निघून जाता आलं असतं, एक वेळ खोटं नावही सांगता आलं असतं, त्यानं पडताळून पाहिलं नसतं. तिनं पदर नीट केला.

"तेव्हाची छाया लहानू पुंड," ती म्हणाली. "मखमलाबादची. आता छाया रविराज मौले. एकलहऱ्याला असते."

भिमाजीनं पुटपुटून पाहिलं. शेवटचं त्याला नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं आणि छायानं ते पुन्हा, सावकाश सांगितलं.